नम्र आवाहन : वेदनेच्या नोंदींसाठी माणसं हवीत, निधी हवा

सप्रेम नमस्कार.

आपल्या गटाचं काम नाशिककरांना नव्याने सांगायला नको. बरं न होणारं दुखणं असलेल्या माणसाच्या घरी जायचं, जखम धुवायची, मॉर्फिनची गोळी वेळेवर पोटात गेली का बघायचं, घरच्यांना घटकाभर उसंत द्यायची. पहिली सायकल घेऊन देणारे भांडी बाजारातले काका, आई गेल्यावर तिची हवेची गादी स्वतः आणून देणारं सिडकोतलं कुटुंब, दर दिवाळीला न चुकता पाकीट पाठवणारे पिंपळगावचे द्राक्षबागायतदार, भाडं न घेता पंचवटीतली खोली वापरू देणाऱ्या वहिनी, आणि भर पावसात रात्री सातपूरला स्कूटर काढणाऱ्या आपल्या निवृत्त सिस्टर. यांच्याच जिवावर हे उभं आहे.

यंदा मागणं वेगळं आहे. जादा परिचारिकेसाठी एका कार्यालयात गेलो, तेव्हा विचारलं गेलं, "तुमच्या येण्याने फरक पडतो, पुरावा काय?" मनाला लागलं. पण प्रश्न रास्त होता. २०१० साली अमेरिकेत फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर लवकरच पॅलिएटिव्ह केअर (आपण करतो तशी, त्रास हलका करणारी शुश्रूषा) मिळालेल्यांना नैराश्य कमी आलं, आणि मध्यक (रांगेतल्या मधल्या रुग्णाचा आकडा) काढला तर ते इतर रुग्णांपेक्षा अडीच महिन्यांहून थोडे जास्तच जगले. पण तिथला रुग्ण वेगळा, आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचा वेगळा. म्हणून पुरावा आपल्याच नोंदींतून काढायचाय.

शून्य ते दहामध्ये दुखणं सांगा म्हटलं, तर एका आजींना ते उमगेना. मग त्याच म्हणाल्या, "काल सोळा आणे होतं बाई, आज सहा आणे." सिस्टरांनी हळदीचा डाग पडलेल्या वहीत तसंच लिहून घेतलं. अशा वह्यांनी कपाट भरलंय. कित्येक नोंदी मध्येच थांबतात, कारण माणूसच राहिला नाही. त्या गाळल्या तर चित्र खोटं ठरेल. हे सगळं एका साच्यात आणायचंय. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय आणि रुग्णाच्या संमतीशिवाय एकही नोंद अभ्यासात जाणार नाही.

मागच्या आवाहनानंतर खुर्च्या मांडून बसलो होतो, चौघं आले. यंदा तसं होऊ देऊ नका.

हवंय : मराठी टंकलेखन येणारे, आठवड्याला दोन तास देणारे, संख्याशास्त्राचे प्राध्यापक, एक जुना चालू संगणक, छपाई व प्रवासासाठी देणगी (रोख/चेक, पावती मिळेल). रविवारी सकाळी १० ते १२, पंचवटीची खोली. येताना चष्मा आणा, वह्यांतलं अक्षर बारीक आहे.

आपला,
सचिव