शिंगवालं डुक्कर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

भीमबेटक्याच्या प्राचीन चित्रगुहा बघून आलो. भोपाळपासून साधारण 45 किलोमीटर, सायकलने. ओबेदुल्लागंजपर्यंत नुसता हायवे आणि अंगावरून जाणारे ट्रक, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टेकडीचा चढ मात्र सायकल हातात धरून चढलो. आईला सांगू नकोस.

2021 साली मी तुला एक बातमी मोठ्या कौतुकाने पाठवली होती, आठवतं? इथल्या ऑडिटोरियम गुहेच्या छताला डिकिन्सोनिया या अतिप्राचीन सागरी जीवाचा जीवाश्म सापडला, 55 कोटी वर्षांपूर्वीचा! भूशास्त्राला नुकताच प्रवेश घेतलेल्या माझ्या चिरंजीवांचं उत्तर आलं, 'बघू.' तेव्हा रागच आला होता. पुढे 2023 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तपासलं, तर ते निघालं आग्यामोहोळाचं जुनं पोळं, खडकावरून सुटत चाललेलं. मूळ शोध लावणाऱ्यानेही ते मान्य केलं.

म्हणून गुहेत शिरल्या शिरल्या आधी मान वर केली. उंच कपारीत मोहोळ लोंबत होतं आणि बाजूला, जिथलं झडून गेलं असावं तिथे, दगडाला पानाच्या शिरांसारखे डाग. कोणीही फसेल. मी तर घरबसल्याच फसलो होतो.

पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांना हे खडक 1957 मध्ये धावत्या रेल्वेतून दिसले. युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांसारखी खडकांची ठेवण वाटली, म्हणून ते शोधायला आले. आता इथे सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे कातळाखालचे नैसर्गिक आसरे, मोजलेत. मी त्याच टेकड्यांकडे रस्त्यावरून तासभर बघत आलो. मला फक्त पुढचा चढ दिसत होता!

आपल्याला पंधराएकच आश्रय बघता येतात. प्राण्यांच्या खडकापाशी सर्वांत जास्त थांबलो. हत्ती, गवे, हरणं, सगळी एकमेकांच्या अंगावर. कोणी आधीचं पुसलेलं नाही, सरळ त्यावरच काढलंय. पांढऱ्या रेघेवरून लाल रेघ गेलेली दिसते, म्हणजे लाल नंतरची. तुमच्या थरांचाच हिशोब की! मध्याश्मयुगातल्या चित्रांशेजारी पार ऐतिहासिक काळातले घोडेस्वार. लाल रंग गेरूचा, आणि तो टिकला कारण चित्रं बाहेर झुकलेल्या कातळाखाली आहेत, पाऊस थेट लागत नाही.

पण डोक्यातून जात नाही ते 15 नंबरच्या आश्रयातलं डुक्कर. डुक्कर म्हणायचं खरं, पण त्याला शिंगं आहेत. अवाढव्य, लाल, आणि पुढे जीव घेऊन पळणारा काडीएवढा माणूस. जवळच एक खेकडा. खेकड्याचं काय काम तिथे? काढणाऱ्याने असं जनावर कल्पनेत पाहिलं, की शिकारीला न गेलेल्यांसाठी थोडं वाढवून सांगितलं? मला दुसरं पटतं. भिंतीवरची थाप वाटते ती.

तू म्हणशील, पुरावा काय. नाही माझ्याकडे. फोटोही हलले आहेत.

सुट्टी कधी लागते ते कळव, दोघं जाऊ. मागच्या गिअरची तार उसवली आहे, ती तूच बदल, मला जमत नाही.

तुझा,
बाबा