प्रगतिपुस्तके रद्दीत घालू नका

संपादक महाशय,

मी 20 वर्षांची, कराडला बी.कॉम. करते. दोन विषयांत एटीकेटी, हरवलेले तीन एसटी पास आणि उतू गेलेल्या दुधाचा तर हिशेबच नाही. शेवटी मीच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकण्याचा किंवा अतिचंचलतेचा विकार) म्हणताच पहिले डॉक्टर हसले, “बारावीला 78 टक्के ना? मग कसला?” पुण्याच्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र दीड तास ऐकून घेतलं आणि प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली, कारण लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात. आई म्हणाली, रद्दीत गेली. निघाली आजीच्या पत्र्याच्या पेटीत! चौथीचा शेरा: ‘हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नसते. डबा विसरते.’ बाकावर उड्या मारणारा मुलगा शाळेतल्या बाईंना दिसतो. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी नुसती ‘वेंधळी’ ठरते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. परीक्षेत जादा वेळ मिळेल का, विचारलं, तर कॉलेजच्या खिडकीवर उत्तर आलं, “यादीत नाही.” यादीत घ्यायला काय हरकत आहे?

पुढची तपासणी 14 तारखेला आहे. आईने ती तारीख फ्रिजवर चिकटवली आहे. माझ्या भरवशावर नाही.

– एक विद्यार्थिनी, कराड