चरवी नसलेला गोठा

आटपाडी, जि. सांगली

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

गाई सांभाळलेल्या माणसाला शेळ्या जड का जाव्यात, हा बाबांनी परवा फोनवर विचारलेला प्रश्न मनात घोळतो आहे. त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले.

गाय आजारी पडली की त्याच संध्याकाळी चरवीत दूध कमी दिसते आणि आपण सावध होतो. मटणासाठी पाळलेल्या उस्मानाबादी शेळीची अशी चरवी नसते. ती कळपाबरोबर चालत राहते, आणि ती खाली बसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून मी दर पंधरवड्याला प्रत्येकीची खालची पापणी उलटून पाहते. आतून लाल असली तर ठीक. पांढुरकी दिसली तर पोटातल्या जंतांनी रक्त ओढल्याचा संशय धरून डॉक्टरांना बोलावते. करडांचे वजन दरमहा ताणकाट्यावर करून बाबांच्या वेतांच्या वहीतच पुढे लिहिते.

एक गोष्ट तेव्हा कळवली नव्हती. पावसाळ्याच्या सुरुवातीला सर्वांत गुटगुटीत करडू रात्रीतून दगावले. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प यांच्या लसी मी गाईंच्या सवयीने टोचून घेतल्या होत्या, पण आंत्रविषाराची राहिली होती, आणि कोवळे गवत भरपेट खाणाऱ्या, अंगाने भरलेल्या करडांनाच हा रोग आधी गाठतो. ते करडू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गाईंची गव्हाणही उपयोगी पडली नाही. शेळ्या तिच्यात पाय देतात आणि तुडवलेल्या वैरणीला मग तोंड लावत नाहीत. शेवरी आणि सुबाभळीच्या पेंढ्या मानेच्या उंचीवर टांगल्यापासून नासाडी थांबली आहे.

आई, वासराला तासाभरात चीक पाजण्याचा तुझा दंडक मात्र इथे जसाच्या तसा लागू पडला. जुळी करडे असली की दुबळ्याला आधी आचळाशी धरते. गाभण काळ पाचच महिन्यांचा असल्याने वेते लवकर येतात.

बाबा, पैदाशीचा बोकड आता बदलायला हवा, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे त्याच्याच माद्या पिलांवर, जाईल. खिलार खोंड पारखताना तुम्ही पाय आणि पाठीची ठेवण कशी पाहत होता ते मला आठवते, पण माझी नजर अजून तेवढी बसलेली नाही. आईच्या गुडघ्याला आराम पडल्यावर दोघेही या; तोवर मी बोकड घेणार नाही.

तुमची लेक