बाबा, स्कोअर विचारू नका

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

दर रविवारी फोनवर बोलतोच, तरी हे मुद्दाम लिहायला घेतलंय, कारण फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत. सई स्क्रीनसमोर आली रे आली की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, जिंकलासा काय? किती-किती झालं?" सई माझ्याकडे बघते, मी केदारकडे बघते आणि केदार स्वयंपाकघरात सटकतो. तुम्हाला वाटतं पोरगी हरून आलीय म्हणून आम्ही लपवतोय. तसं नाही बाबा. इथे जर्मनीत या वयाच्या मुलांच्या फुटबॉलचा स्कोअर कुठे लिहूनच ठेवत नाहीत. नीट सांगते, मग काय विचारायचं ते तुम्हीच ठरवा.

सप्टेंबरपासून सई आमच्या गावातल्या क्लबात फुटबॉल खेळायला जायला लागली. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि अधूनमधून शनिवारी सामने. स्टुटगार्टच्या आसपासची ही गावं लहान, पण प्रत्येकाचा क्लब असतोच, आणि त्यात फुटबॉलबरोबर जिम्नॅस्टिक्स, टेबल टेनिस, म्हाताऱ्या माणसांचे व्यायामाचे वर्ग असं सगळं. तुम्ही सरळ तालीम समजा. आपल्याकडे कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ काढले, गणपती बसवले, वर्गणी गोळा केली. इथेही गावाचा अर्धा कारभार क्लबातच चालतो. नाव घालताना फार सोपस्कार झाले नाहीत. आधी काही दिवस नुसती खेळू दे, आवडलं तर फॉर्म भरा, म्हणाले. वर्षाची वर्गणी बँकेतून परस्पर कापून जाते. ती बघून केदारने विचारलं, ही महिन्याची का?

आई, तुझा प्रश्न होता की पोरींना वेगळं शिकवतात ना. नाही. या वयात मुलं-मुली एकाच संघात खेळतात, सईच्या संघात ती धरून तीन मुली आहेत. शिकवणारे दोघं. एक सुतारकाम करतो, त्याचा मुलगा याच संघात आहे. दुसरी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, लहानपणी इथेच खेळलेली. दोघंही कामावरून थेट मैदानावर येतात, पगार-बिगार काही नाही. मुलांना शिकवायचं तर आपल्या नावावर गुन्हा नसल्याचा सरकारी दाखला क्लबला दाखवावा लागतो, तेव्हा तेवढी काळजी सोड. पावसात खेळवतात हे मात्र खरं आहे, त्यावर माझंही कोणी ऐकत नाही.

आता स्कोअरचं. पूर्वी या सात-आठ वर्षांच्या पोरांना सात-सातचे संघ करून बऱ्यापैकी मोठ्या मैदानावर सोडायचे. व्हायचं काय, तर दोन दांडगी पोरं बॉल घेऊन पळायची, चार-पाच त्यांच्या मागून धावायची आणि उरलेली गवत उपटत उभी राहायची. म्हणून जर्मन फुटबॉल महासंघाने २०२२ मध्ये लहान मुलांचे नियमच बदलायचं ठरवलं आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ते देशभर लागू केले. आता एका शनिवारी पाच-सहा गावांची पोरं एकाच ठिकाणी जमतात. मोठ्या मैदानावर लहान लहान मैदानं आखतात. प्रत्येकावर तीन विरुद्ध तीन आणि कंबरेएवढ्या उंचीचे चार गोल, म्हणजे दोन राखायचे आणि दोनांवर हल्ला करायचा. गोलकीपर नाही. लांबून हाणून गोल होत नाही, समोरच्या पट्ट्यात जाऊनच मारावा लागतो. गोल झाला की दोन्ही संघांचा एकेक खेळाडू बाहेर आणि राखीव आत, त्यामुळे भारी खेळणाराही बाहेर बसतो आणि घाबरटालाही खेळावं लागतं. बॉल २९० ग्रॅमचा. मोठ्यांचा चारशेच्या वर असतो.

काही मिनिटांची फेरी संपली की जिंकलेला संघ शेजारच्या वरच्या मैदानावर सरकतो आणि हरलेला खालच्या. दोन-तीन फेऱ्यांत आपोआप तोडीस तोड संघ समोरासमोर येतात. गुणतक्ता नाही, कप नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव नाही. घरी येताना सगळ्यांच्या हातात एकेक ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा वळलेला खारा पाव.

तुम्ही म्हणाल, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो काय स्कोअर न मोजता? इथेही असं म्हणणारे कमी नाहीत. २०१८ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपात जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली, आणि वरून हे असले लाड, म्हणून मोठमोठे लोक कावले होते. मलाही सगळं पटलंय असं नाही. खालच्या मैदानावर जाताना पोरं रडतात ती रडतातच, तक्ता असो वा नसो. आणि मोजायचं म्हणाल तर सई सगळं मोजते. गाडीत बसल्या बसल्या आपण किती मारले, त्या निळ्या शर्टवाल्यांनी किती, सगळा हिशेब सांगते. फक्त कोणी तरी तो विचारला की गप्प होते.

त्याचं कारण मला एका शनिवारी कळलं. या सामन्यांना रेफ्री नसतो, पोरांनीच ठरवायचं. बॉल रेषेबाहेर गेला की नाही यावरून सई आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच एक मुलगा समोरासमोर उभे राहिले. तो म्हणे गेला, ही म्हणे नाही. ट्रेनर दोघेही हाताची घडी घालून बघतायत. आम्ही आई-बाप लोक लांब, दोरीच्या मागे. तिथून सूचना द्यायला बंदी. माझ्या शेजारच्या बाईने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. शेवटी दोघांनी दगड-कागद-कात्री केली, सई हरली, बॉल त्याला दिला आणि पळत जाऊन पुन्हा त्याच्याच पायातून काढून घेतला. त्या फेरीत कोण जिंकलं ते मला आठवत नाही. ती मात्र हे भांडण रोज सांगते, हातवारे करून. रविवारी तिला असलं काही विचारा, मग बघा कशी बोलते.

कामं मात्र भरपूर गळ्यात पडतात. संघाच्या जर्सी धुवायची पाळी आठवड्या-आठवड्याने फिरते. भली मोठी पिशवी घरी येते, आत चिखलाने कडक झालेले शर्ट, मोज्यांत गवत, आणि एकाच्या चड्डीच्या खिशात चक्क गोगलगाय. इथे बाहेर वाळत घालायची सोय नाही, त्यामुळे आमच्या बैठकीच्या खोलीत दोन दिवस सगळा संघ लोंबकळत होता. सामन्याच्या दिवशी केकचं टेबल लावायचं, त्याचीही पाळी. मी शंकरपाळ्या नेल्या. आधी कोणी हात लावेना, मग त्या सुताराने मूठभर उचलल्या आणि अर्ध्या तासात डबा रिकामा. पैसे नव्या गोलांच्या जाळ्यांसाठी.

त्या टेबलावर एका पोराची आजी भेटली. आई, तुझ्याच वयाची असेल. लहानपणी भावांबरोबर गोठ्यामागे खेळायची म्हणे, क्लबात जायची सोय नव्हती. मला वाटलं घरचे नको म्हणत असतील. तर इथल्या महासंघानेच १९५५ मध्ये क्लबांना बायकांचा फुटबॉल बंद करायला लावला होता, बाईच्या शरीराला आणि शालीनतेला शोभत नाही म्हणून. ती बंदी उठली १९७० मध्ये, तोवर हिचं खेळायचं वय निघून गेलं. पुढे १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या बायका युरोपच्या विजेत्या झाल्या, तर महासंघाने बक्षीस काय दिलं असेल? प्रत्येकीला कॉफीच्या कपबशांचा सेट! आजी हे सांगताना हसत होती, पण केक जरा जोरातच कापत होती. त्यानंतर बायकांनी २००३ आणि २००७ असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप आणले.

मला शाहू स्टेडियम आठवलं. बाबा, तुम्ही दादाला शिवाजी मंडळाच्या मॅचला न्यायचा. पाटाकडील तालमीच्या संघाबरोबर असली की आदल्या रात्रीपासून घरात दुसरा विषय नसायचा. मी गच्चीवर उभी राहून आरडाओरड्यावरून गोल कोणी केला असेल ते ओळखायची. "तिथे गर्दी असते, पोरींचं काम नव्हे," हे आई म्हणायची, तुम्ही काही म्हणायचा नाहीत. दगडफेक झाली, पोलिसांनी मॅच थांबवली अशा बातम्या यायच्या, त्यामुळे तुमचंही अगदी चुकीचं नव्हतं. पण ऑफसाइड मला दादाच्या आधी कळलं होतं, एवढं आज लिहून ठेवते.

आता थंडी पडलीय, मार्चपर्यंत शाळेच्या हॉलमध्ये खेळतील. तुमचं मेमध्ये यायचं पक्कं करा. व्हिसाची कागदपत्रं केदार या आठवड्यात पाठवतोय, प्रवासाचा विमा तिकडूनच काढा. जूनमध्ये आमच्या क्लबाकडे यजमानपद आहे. आई, त्या दिवशी टेबलावर तू आणि मी, नानकटाईचं तूप इथलं चालतं, वेलदोडे घेऊन ये. बाबा, तुम्ही दोरीच्या मागे उभे राहायचं आणि "हाण की" म्हणायचं नाही. इथे मराठी कोणाला कळत नसली तरी सईला कळते.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा. बाकी ठीक.

तुमची,
मनू

ता. क. सईला शिवाजी मंडळाची जर्सी हवीय, सरावाला कुठलीही चालते. उंची १२८ सेंटिमीटर आहे, पण वाढत्या अंगाची घ्या.