विदेशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुळागरात कशाला?

संपादक महोदय,

रानडुकरे आणि खेती (माकडे) आवरायची तर कुळागरांतल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतल्या, बागायतदारांच्या हाती ठासणीच्या बंदुकीऐवजी विदेशी सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल द्या, अशी मागणी याच पत्रसदरात वाचली. उपद्रव खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रायफलीची जी तारीफ त्या पत्रात आहे ती कोरड्या हवेतल्या शूटिंग रेंजवर शोभते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात श्रावण लागला की तिचे काय होते, ते बघायला हवे.

आधी कायदा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी बंदूक देता येते, पण तीही गुळगुळीत नळीची, किमान २० इंच लांबीची. रायफलीच्या नळीत आटे असतात, म्हणजे या तरतुदीत ती बसतच नाही. सेनेची .३०३ किंवा ७.६२ मिमीची काडतुसे ज्यात चालतात त्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, ही गोष्ट वेगळीच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. आजोबांची ठासणीची आणि वडिलांची दुनळी एकाच्याच नावावर आली की त्याचा कोटा संपला.

आता किंमत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणता येत नाही. नामवंत नेमबाजांना खेळापुरती सवलत आहे, तेवढीच. त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ म्हणून हात बदलत फिरणारा माल बहुतेक चाळिशी ओलांडलेला असतो, आणि त्याची किंमत दर्जाची नसून दुर्मिळतेची असते. रुगर १०/२२ ही १९६४ साली बाजारात आलेली .२२ ची (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) सेमी-ऑटोमॅटिक रायफल अमेरिकेत नावाजली गेली, त्यात सुटे भाग स्वस्त आणि मुबलक असण्याचाही वाटा आहे. तिथे हाकेच्या अंतरावर मिळणारी स्प्रिंग फोंड्यात मिळणार आहे का? एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारी, चिमूटभर कडी तुटली की लाखमोलाची वस्तू भिंतीला टेकून राहते. मग स्थानिक लोहार कानस घेऊन बसतो आणि उरलेसुरले मापही घालवतो.

.२२ च्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे यंत्र साधे असते. काडतूस फुटले की पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलते, आणि स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस नळीत सारते. सगळा खेळ काडतुसाच्या जोरावर. ४० ग्रेनच्या, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमच्या गोळीचा वेग एका जातीत सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, तर दुसऱ्या जातीत ३८० च्या घरात असतो. जास्त वेगाच्या काडतुसासाठी बसवलेल्या स्प्रिंगला मंद काडतूस दिले की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारातच उभी अडकते. इकडे काडतूस निवडून मिळत नाही, दुकानात असेल ते घ्यावे लागते. मॅगझिनचे ओठ किंचित वाकले तर दोन काडतुसे एकदम वर येतात. सियर, म्हणजे चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग, झिजला तर एका चापात दोन बार होतात. असे हत्यार त्याच क्षणी रिकामे करून परवानाधारक गनस्मिथकडे द्यायचे. ते धोक्याचे तर आहेच, पण एका चापात सलग बार करील असे बनवलेले हत्यार कायद्याने निषिद्ध गटात मोडते.

यात भर आपल्या हवेची. चार महिने दमटपणा, आणि किनाऱ्याकडे खारा वारा. बोल्टमागचे काजळ पाणी धरून ठेवते, खाली पोलाद खात राहते. त्याहून वाईट म्हणजे तेलाच्या जागी खोबरेल. २४ अंशांच्या खाली ते थिजते, आणि डिसेंबरातल्या पहाटे काणकोणात पारा त्याखाली सहज जातो. उरलेले काजळात मिसळून हळूहळू चिकट होते. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत सुईचे टोक फिरवा, तो थर सोलून निघतो. दुनळीला असे झाले तर फार तर ती जड उघडेल. सेमी-ऑटोमॅटिकला झाले तर दुसरा बारच नाही. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण. ती रिकामी करून, हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात, नळी खाली करून ठेवावी, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

एवढे सांगूनही कोणाला क्लबातल्या नेमबाजीसाठी जुनी .२२ घ्यायचीच असेल, तर रायफलीवर कोरलेले कंपनीचे नाव नंतर वाचावे. आधी नळीच्या मागच्या तोंडाची कड बघावी. रिकामा चाप ओढायची सवय असलेल्या हातातून आलेल्या रायफलीत स्ट्रायकरने (काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याने) तिथे बारीक खड्डा पाडलेला असतो आणि पुंगळी तिथेच रुतते. मग डमी काडतुसांची दोन मॅगझिने हाताने भरून काढावीत. शेवटी हत्यारावर जिथे जिथे क्रमांक असेल तो परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा.

पण मुख्य अडचण अंतराची आहे. कुळागरात डोळ्याला दिसते ते वीस-तीस मीटर. .२२ ची गोळी मात्र दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि चिऱ्याच्या गडग्यावर किंवा पाण्यावर आपटून दिशा बदलते. एका वाड्यावरून सुटलेली गोळी दुसऱ्या वाड्यातल्या अंगणात पोचायला तेवढे पुरे. बारा बोअरच्या दुनळीचा चार नंबरचा छर्रा अडीचशे मीटरच्या आसपास खाली येतो. एलजीचे, म्हणजे मोठ्या आकाराचे, छर्रे त्याहून बरेच लांब जातात, तेव्हा तिथेही जपावेच. आणि नेम धरण्याआधी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. रानडुकराला मारायचे तर मुख्य वन्यजीव वॉर्डनचा किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि पिकासाठी गव्यावर बंदूक उचलायचा प्रश्नच येत नाही. बहुतेक वेळा बागायतदाराला हवा असतो तो आवाज, आणि तो ठासणीची बंदूकही देते.

दुनळीही निर्दोष नाही. बऱ्याच जुन्या इंग्लिश दुनळ्यांचा चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ६५ मिमीचा असतो. त्यात ७० मिमीचे काडतूस बसते, दारही बंद होते, पण फुटताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. नळीखालचे आकडे वाचल्याशिवाय काडतूस घालू नये.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ आली तर मॅगझिन व काडतुसांची पावतीत वेगळी नोंद करून घ्यावी, नळीत मशीनचे पातळ तेल फिरवून द्यावे, आणि परत घेताना तिथेच नळीतून उजेड पाहून मगच सही करावी.

— एक वाचक, वाळपई