नाण्याची टकटक पुरेशी नाही

महोदय,

मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या पॅनेलचा पत्रा आतून सुटला आहे का, हे नाण्याने टकटक करून पाहण्याची जुनी पद्धत आहे. लहानशी सुटलेली जागा त्यात सहज निसटते. होलोग्राफिक इंटरफेरोमेट्रीत, म्हणजे लेसरच्या प्रकाशातली दोन चित्रणे एकावर एक आणून पृष्ठभागाची सूक्ष्म हालचाल उजळ-काळ्या पट्ट्यांच्या रूपात पाहण्याच्या पद्धतीत, ती डोळ्यांना दिसते. एकाच प्रकाशसंवेदी प्लेटवर दोनदा चित्रण करायचे: आधी पॅनेल थंड असताना, मग दिव्याने किंचित तापवून. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, प्रकाश आणि नजर दोन्ही समोरून असतील, तर एक पट्टा म्हणजे पृष्ठभाग सुमारे 0.32 मायक्रोमीटर पुढे-मागे सरकला. सुटलेला पत्रा जास्त फुगतो, तिथे कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे उमटतात. जास्त तापवले तर पट्टे इतके दाट होतात की मोजताच येत नाहीत. नुसते सरळ, समांतर पट्टे दिसले तर बहुधा पॅनेल अख्खे कलले आहे; आधी पकड तपासावी. टेबल हवेच्या उशांवर हवे, पंखा बंद हवा. चित्रण चालू असताना तरंगलांबीच्या छोट्या अंशाइतकी हालचालही प्लेट वाया घालवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग स्वतःच्या हातांनी करायला मिळावा, ही महाविद्यालयांना कळकळीची विनंती.

– एक वाचक