जाड पत्रा हा स्प्रिंगवरचा उतारा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमबागेत माझं छोटं प्रेस शॉप आहे. पट्टी-स्प्रिंगा आणि क्लिपा मारणं हे आमचं काम. गिऱ्हाईक कोल्हापूरच्या शिरोलीपासून हुबळीपर्यंत. या धंद्यात एक सल्ला फुकट मिळतो : स्प्रिंग बसते आहे ना (म्हणजे दाबून सोडल्यावर मूळ आकारात परत येत नाही), मग पत्रा जाड घाला! नुकताच एका खरेदीदाराने लॉट परत पाठवला आणि वर फोनवरून हेच फर्मान सोडलं. एक मिलीऐवजी दीड मिली. म्हणून हे पत्र.

क्लिपची मोकळी लांबी 50 मिमी, जाडी 1 मिमी. एक टोक पक्कं, दुसरं बसवताना 5 मिमी दाबलं जातं. मुळाशी येणारा ताण काढायला दीड गुणिले यंगचा गुणांक (मालाच्या ताठपणाचं माप, पोलादाचा सुमारे 2 लाख न्यूटन प्रति चौ. मिमी), गुणिले जाडी, गुणिले वाक, आणि भागिले लांबीचा वर्ग. उत्तर 600 न्यूटन प्रति चौ. मिमी. पत्रा दीड मिलीचा केला की तेच 900 होतं, 0.8 चा केला तर 480. म्हणजे साहेबांचं ऐकलं असतं तर क्लिप आणखी लवकर बसली असती.

वजन ठरलेलं असेल तेव्हा मात्र उलट. जाडी दुप्पट केली तर ताण चौथाईवर येतो. तेव्हा आधी विचारायचं ते हे, की भागावर वजन ठरलेलं आहे की वाक? चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोखाली वाकून बघा. एकच जाडजूड पाटा न घालता पातळ पाटे एकावर एक रचलेले दिसतील. वजन सगळ्यांनी मिळून पेलायचं, पण खड्ड्यात वाकताना प्रत्येकाचा ताण आवाक्यात राहायचा.

आलेला आकडा मालाच्या यील्डशी, म्हणजे ज्या ताणापुढे तो कायमचा वाकतो त्या आकड्याशी, ताडून बघायचा. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीचं यील्ड 250 च्या आसपास, 600 ला ती वाकलेलीच राहणार. पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) टेंपर केलेलं स्प्रिंग स्टील बहुधा हजाराच्या वर टिकतं. नुसतं ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून घेतलेली 304 जातीची पट्टी नरम असेल तर एमएसहून वेगळी वागत नाही. आणि हार्ड केलेली पट्टी कमी वाकते हा समज तर अर्ध्या उद्यमबागेत आहे. नरम आणि हार्ड, एकाच मापाच्या दोन पट्ट्यांना सारखं हलकं वजन लावून डायल (वाक मोजणारं काट्याचं गेज) बघा, काटा सारखाच फिरतो. फरक दिसतो तो वजन वाढवत नेल्यावर, परत येताना.

सूत्रालाही मर्यादा आहेत. आतला कोपरा धारदार मारला असेल किंवा बेंड पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला समांतर आला असेल, तर त्या जागी गणित आशावादी ठरतं. म्हणून शेवटी नमुना दाबून बघायचाच. डायल शून्यावर लावा, ठरल्या जागेपर्यंत दाबा, सोडा. काटा शून्यावर आला नाही तर उरलेला फरक म्हणजे सेट. मग पुन्हा दाबा. सेट पहिल्याच दाबाला येऊन तिथंच थांबला तर लगेच घाबरायचं कारण नाही; स्प्रिंगवाले मुद्दाम आधी उंची जास्त ठेवतात आणि एकदा पुरती दाबून ती उतरवून घेतात. दर दाबाला वाढतच गेला तर तो माल पाठवू नये.

परत आलेल्या त्या लॉटच्या ड्रॉइंगवर जाडी होती, हार्डनेस होता. क्लिप किती दाबली जाणार आणि सोडल्यावर किती फरक चालेल, याचा पत्ता नव्हता. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या खरेदी विभागांना विनंती, या दोन ओळी ऑर्डरआधी ड्रॉइंगवर लिहून द्या. लॉट परत आला की ट्रकभाडं आमच्या माथी आणि लाइन बंद तुमची.

आपला,
एक प्रेस शॉपचालक, उद्यमबाग, बेळगाव